गोड्या विहिरीचं पाणी

आमचे घरमालक कोणाच्याही घरी गेले की आधी नळाचं पाणी मागत. फ्रिजचं नको, फिल्टरचं नको, बर्फ तर नकोच. यजमानीणबाई ज्यूसचा ग्लास घेऊन उभी, आणि हे स्वतःच सिंकपाशी जाऊन नळाखाली पेला धरायचे. एक घोट घ्यायचा, गालात इकडून तिकडे फिरवायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "तुमच्याकडे पाइप नवीन घातलेत वाटतं." किंवा, "हे पाणी बिचारं फार लांबून आलंय." एका गृहप्रवेशाला त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की ह्या पाण्यात डाळ छान शिजेल, पण चहा कधी जमणार नाही. ती बाई वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. पुढे तिनेच मला हळूच सांगितलं, की चहा खरंच जमत नाही गं.

ही अमेरिकेतल्या, सिॲटलजवळच्या बेलव्ह्यूची गोष्ट, दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. आम्ही नवरा-बायको त्यांच्या घराच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. नवरा सॉफ्टवेअरमध्ये. मी पुण्यातली बँकेतली चांगली नोकरी सोडून आले होते, आणि व्हिसा असा की मला नोकरी करायची परवानगी नाही. कागदोपत्री मी 'डिपेंडंट'. ह्या एका शब्दाचा मला इतका राग यायचा की तो मी भांड्यांवर काढायची. बाहेर बारीक पाऊस आणि आत मी, दोघंही दिवसभर कुरकुरत बसायचो. मुळात मी जिभेची तिखट. आई म्हणायची, "हिची जीभ हिला एक दिवस गोत्यात आणणार." गोत्यात नाही आणलं. गॅरेजमध्ये आणलं.

कारण आमचे हे घरमालक, ज्यांना सगळं गाव काका म्हणायचं, गॅरेजमध्ये बिअर बनवत. पन्नाशी ओलांडलेले, अकोल्याकडचे, एका कंपनीत डेटाबेस सांभाळणारे. थंडी असो वा ऊन, अंगात तोच एक तपकिरी स्वेटर, आणि त्याच्या खिशात पाण्याची आंबटाई बघायच्या कागदी पट्ट्या. बाजारात बिअरचा तयार पाक डब्यातून मिळतो, तो पाण्यात कालवला की अर्धं काम झालं. त्या पाकाला काका 'सरबत' म्हणत आणि तो वापरणाऱ्यांची त्यांना कीव येई. हे दाण्यापासून सुरू करणार. मोड आणून वाळवलेले सातू, म्हणजे मॉल्ट, आणायचे, भरडायचे, गरम पाण्यात तासभर मुरवायचे, त्यातून निथळलेलं गोडसर पाणी हॉप्सची कडू फुलं घालून उकळायचं, निववायचं, यीस्ट घालायचं. सगळा शनिवार त्यात जायचा.

आणि एवढं करून हा गृहस्थ बिअरचा एक थेंब पीत नसे.

काका-काकू बौद्ध. रविवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये आठवड्याची वंदना असे, महाराष्ट्रातली चार-सहा कुटुंबं जमत, पोरं गालिच्यावर लोळत. वंदना काकू सांगत. त्या अकोल्याला शाळेत शिक्षिका होत्या, त्यामुळे आवाज खणखणीत आणि चुकीला माफी नाही. पंचशीलातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. त्या ओळीला काकूंचा आवाज चढायचा आणि नजर मागच्या रांगेत बसलेल्या काकांवर जायची. काका डोळे मिटून, हात जोडून, सगळ्यांपेक्षा मोठ्याने ते शील म्हणत. आणि गॅरेजच्या दाराच्या फटीतून हॉप्सचा वास हॉलभर पसरलेला असायचा.

"मी पितो का?" ते नंतर वाद घालत. "शील पिण्याबद्दल आहे, बनवण्याबद्दल नाही."

"आणि सम्यक आजीविका? मद्याचा व्यापार करू नये, ते कुठं गेलं?" काकू विचारत.

"मी विकतो कुठं? फुकट वाटतो."

"म्हणजे दुसऱ्याचं शील फुकटात मोडता. वा!"

काकू गॅरेजमध्ये पाऊल टाकत नसत. कांदे-बटाट्यांची टोपली तिथे असायची, तर कांदे आणायलाही मला पाठवत.

आता न पिणाऱ्याने बनवलेली बिअर कशी झाली हे कळायचं कसं? त्यासाठी त्यांना दुसऱ्याची जीभ लागे. माझ्या नवऱ्याला ॲसिडिटी. एक घोट घेतला की तो रात्रभर जेलुसिल शोधतो. मग एका शनिवारी कांदे आणायला गेलेल्या माझ्यासमोर काकांनी छोटा ग्लास धरला आणि म्हणाले, "बेटा, रागावू नको, पण जरा सांग बरं, ह्याच्यात काय कमी आहे?" मी एक घोट घेतला आणि म्हटलं, "पुढून बरी आहे, मागून भुईमुगाच्या फोलपटासारखी लागते." काका इतके खूश झाले की त्यांनी माझे दोन्ही हात धरले. कित्येक महिन्यांत माझ्या मताची कोणाला गरज पडली नव्हती. त्या दिवसापासून मी गॅरेजमध्ये नोकरीला लागले म्हणा ना. पगार नव्हता, व्हिसाचीही भानगड नव्हती.

सामान घ्यायला आम्ही पूल ओलांडून सिॲटलच्या दुकानात जायचो. तिथे मॉल्टच्या उघड्या पेट्या होत्या, फिका, बदामी, कॉफीसारखा काळा. काका प्रत्येक पेटीतला एक दाणा पुढच्या दातात धरून फोडत आणि कान देऊन ऐकत. "कट् असा आवाज आला पाहिजे. मऊ लागला तर दमट." हॉप्स तळहातावर चुरून नाकाशी नेत, तंबाखू मळावी तसे. दुकानदार पोनीटेलवाला, अतिशय शांत माणूस. पण काका तासभर दाणे फोडत बसले की त्याचाही धीर सुटे. "कॅन आय हेल्प यू फाइंड समथिंग?" त्याने विचारलं की काका म्हणत, "नो नो, आय ॲम ओन्ली लिसनिंग." माझी हसून पुरेवाट व्हायची.

पण दाणे आणि फुलं ही नुसती वरात. नवरदेव म्हणजे पाणी. "बिअरमध्ये सगळ्यात जास्त काय असतं? पाणी. आणि लोक पाण्याचा विचार सगळ्यात शेवटी करतात," ते म्हणत. बेलव्ह्यूच्या नळाला डोंगरातलं बर्फाचं पाणी येतं, कापसासारखं हलकं. सगळे त्याचं कौतुक करत, काका नाक मुरडत. "ह्या पाण्याला स्वतःचं मतच नाही, बेटा. कोणी काही कालवा, हे हो म्हणतं." म्हणून आदल्या दिवशी पाणी मोठ्या पातेल्यात फडक्याखाली झाकून ठेवायचं, क्लोरीन उडू द्यायचा, आणि सकाळी त्यात मोजून जिप्समची पांढरी पूड घालायची. पाण्याला जरा हाड येतं, म्हणत. मग ते पाणी एका छोट्या स्टीलच्या पेल्यात घेऊन, डोळे मिटून, सावकाश प्यायचे. ही त्यांची शनिवारची एकमेव पिण्याची चैन. पिऊन झालं की म्हणत, "जमलं." मगच शेगडी पेटायची.

पाण्यासाठी हा माणूस काय काय करी! न्यू जर्सीत आयसेलिनला कोणाच्या लग्नाला गेले तर तिथल्या नळाचं पाणी बाटलीत भरून विमानातून घेऊन आले. टेक्सासात प्लेनोला ऑफिसच्या कामाला गेले, तिथूनही बाटली. लोक पेढे आणतात, हे पाणी आणत. सगळं चाखून झाल्यावर मान हलवत, "नाही. तसं नाही."

"कसं नाही?" मी एकदा वैतागून विचारलं. "कुठल्या पाण्यासारखं हवंय तुम्हाला?"

पट्टीचा रंग बघता बघता त्यांनी सांगितलं. त्यांचं गाव खारपाणपट्ट्यातलं. तिकडे जमिनीखालचं पाणी खारं. पण गावात एक विहीर होती, गोड्या पाण्याची. "साखरेसारखं गोड नव्हे. गोडं. प्यालं की पोटाला कळायचं की पाणी प्यालो. त्या विहिरीवर माझी आई घागर घेऊन लांब उभी राहायची. कोणाला वाटलं तर वरून ओतायचे. नाही वाटलं तर रिकाम्या घागरीनं परत. ज्या दिवशी मिळायचं त्या दिवशी आम्हा भावंडांना एकेक पेला. बाकी दिवस आमच्या वस्तीच्या विहिरीचं, खारं."

"मग तुम्ही स्वतःच का नाही काढायचात?" मी विचारलं.

काका हसले. "तू पुण्याची ना बेटा," एवढंच म्हणाले, आणि जिप्समचा चमचा पातेल्यात ढवळायला लागले. "त्या विहिरीला मी कधी हात नाही लावला. आता इथं ते पाणी मी स्वतः बनवतो. पातेलंच्या पातेलं. कोण अडवतो बघू."

मी कांदे घेऊन वर गेले आणि काकूंनी न सांगताच ते चिरायला बसले.

त्या पाण्यावर त्यांची फिक्या रंगाची बिअर फक्कड जमायची. पण काळी बिअर, भाजलेल्या सातूची, ती काही केल्या जमत नव्हती. पातळ, तोंडाला खरवडणारी, शिळ्या कॉफीत लिंबू पिळल्यासारखी. आणि हवी होती ती नेमकी काळीच. कारण शेजारचे आजोबा.

हे आजोबा शाळेची बस चालवून रिटायर झालेले. खांद्यावरून पँटचे लाल पट्टे, हातात कायम पाना नाहीतर कॉफीचा मग. काकांना दाण्यापासून बिअर करायला ह्यांनीच शिकवलं. अमेरिकेत आल्यावर काकांना ज्या पहिल्या गोऱ्या माणसाने स्वतःच्या स्वयंपाकघरात बसवून स्वतःच्या मगातून पाणी दिलं, ते हे. काका त्यांना माझ्याशी बोलताना 'मास्तर' म्हणत. मास्तरांना काळी बिअर आवडायची. दर खेपेला काका बाटली घेऊन जात, मास्तर घोट घेत, खिडकीबाहेर बघत, आणि म्हणत, "इंटरेस्टिंग."

अमेरिकन माणूस जेवणाला 'इंटरेस्टिंग' म्हणाला की समजावं, त्याला ते आवडलेलं नाही. काका घरी येऊन जिन्यावर बसत. "पुन्हा इंटरेस्टिंग, बेटा." मोठी माणसं परीक्षेत नापास झाल्यावर कशी दिसतात ते मी त्यांच्याकडे बघून शिकले.

त्यात वैशाखात नागपूरहून एक भंतेजी, म्हणजे बौद्ध भिक्खू, येणार असं ठरलं. ते काकूंकडेच उतरणार होते. काकूंच्या आनंदाला सीमा नव्हती, आणि त्या आनंदाच्या भरात त्यांनी निकालही देऊन टाकला. "भंतेजी यायच्या आत गॅरेज रिकामं पाहिजे. कायमचं. इतकी वर्षं मी चालवून घेतलं. आता भंतेजी ज्या छपराखाली झोपतील त्याच्याखाली मद्य बनणार नाही."

मला वाटलं काका भांडतील. ते भांडले नाहीत. त्यांनाही भंतेजींपुढे मान खाली घालायची नव्हती. "ठीक आहे," म्हणाले. "एक शेवटची काळी करतो. मास्तरांसाठी. मग नाही."

आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेटा, हिच्यानंतर संधी नाही. ही जमली पाहिजे." त्यांचा चेहरा इतका गंभीर होता की माझ्या जिभेवर आलेली थट्टा मी गिळली.

त्या शनिवारी गॅरेजमध्ये मी आणि काकाच. दाणे भरडून झालेले, पातेल्यात पाणी तापायला तयार. काकांची पद्धत अशी, की सगळं पाणी वापरण्याआधी एका वाटीत मूठभर दाणे आणि तयार केलेलं थोडं पाणी कालवून पट्टी बुडवून बघायची. त्यांनी वाटीपुरतं जिप्समचं पाणी केलं, दाणे कालवले, पट्टी बुडवली. रंग तोच, आंबटाचा. मी वाटीतलं बोटावर घेऊन चाखलं. "तेच, काका. नेहमीचं." काकांनी पट्टी टाकली, दुसरी घेतली. तिचाही तोच रंग. तरी हातात जिप्समचा चमचा भरलेला, पातेल्यावर धरलेला.

तेवढ्यात गॅरेजचं दार उघडलं आणि दारात काकू. भंतेजींचं विमान कधी येतंय ते सांगायला आल्या होत्या, उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता. आमचे चेहरे बघून थांबल्या.

"काय झालं?"

"आंबट होऊन राहिलंय," काका म्हणाले. "काळा मॉल्ट मुळात आंबट. पाण्यानं त्याला सावरायला पाहिजे, ते सावरत नाही."

"मग चिमूटभर खायचा सोडा टाका की," काकू म्हणाल्या. हरभरे भिजवताना सांगावं तितक्या सहज.

काका एकदम चिडले. मी त्यांना चिडलेलं त्या आधी पाहिलं नव्हतं. "सोडा? सोडा टाकला तर काय होईल माहीत आहे? आपल्या वस्तीच्या विहिरीचं पाणी होईल ते! तसलं पाणी घालू ह्याच्यात?"

काकूंनी चप्पल काढली आणि त्या आत आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"तसलं म्हणजे कसलं?" त्या म्हणाल्या. आवाज शाळेतला नव्हता, अगदी हळू होता. "मीही त्याच पट्ट्यातली. त्याच पाण्यावर वाढले. त्याच पाण्यावर तुम्ही मॅट्रिकला पहिले आले. त्या पाण्यानं आमच्या हरभऱ्याला कधी सोडा लागला नाही, लोण्यासारखे शिजायचे. आणि तुम्ही? ज्या विहिरीनं तुमच्या आईला लांब उभं केलं, तिचंच पाणी सातासमुद्रापार येऊन बनवून राहिले. इतकी वर्षं! आपली विहीर एकदा तरी आठवली का तुम्हाला? ती कोणाला नाही म्हणाली का कधी?"

काकांनी भरलेला चमचा खाली ठेवला. जिप्सम थोडं फरशीवर सांडलं. काकू वर गेल्या आणि स्वयंपाकघरातला सोड्याचा डबा घेऊन आल्या. वाटी धुतली, साधं पाणी, मूठभर दाणे, आणि नखाएवढा सोडा. काकांनी पट्टी बुडवली. आम्ही तिघेही वाकून बघत होतो. रंग बदलला. हवा होता तो रंग आला.

आता शास्त्राने बघितलं तर ह्यात चमत्कार काहीच नाही. जिप्समने आंबटाई वाढते, सोड्याने उतरते, हे सिॲटलच्या दुकानातल्या पोनीटेलवाल्यालाही माहीत असणार. काकांनाही माहीत होतं. नुसतं माहीत असून माणसाचा हात त्या डब्याकडे जात नाही, त्याला ते काय करणार?

काकूंनी मोठ्या पातेल्यात सोडा स्वतःच्या हाताने घातला. "मी पाण्यात सोडा टाकला," त्या म्हणाल्या. "पुढं त्याचं तुम्ही काय करता, ते तुमचं तुम्ही बघा."

काकांनी सवयीप्रमाणे स्टीलचा पेला भरला. डोळे मिटले. सावकाश प्यायले. आम्ही 'जमलं'ची वाट बघत होतो. ते पालथ्या बादलीवर बसले आणि रडायला लागले, लहान मुलासारखे, स्वेटरच्या बाहीने नाक पुसत. मग पेला काकूंपुढे धरला. काकूंनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि हसल्या. "हेच," म्हणाल्या. "हेच बाप्पा." उरलेलं मला दिलं. मला ते किंचित साबणासारखं लागलं. पण तिथे माझ्या जिभेचं कोणी विचारलं नाही, आणि मीही ती चालवली नाही.

भंतेजी आले तोवर गॅरेज लख्ख झालेलं होतं. आंबायला ठेवलेली काळी, यीस्टच्या बाटल्या, नळ्या, बाटल्यांची खोकी, सगळं शेजारी मास्तरांच्या शेडमध्ये गेलं. मोठं पातेलं तेवढं काकूंनी ठेवून घेतलं, आणि भंतेजींच्या भोजनदानाला आलेल्या सगळ्यांची खिचडी त्यात केली. भंतेजींनी कौतुकाने विचारलं, "एवढं मोठं पातेलं कशासाठी आणलं?" चौथं शील खोटं न बोलण्याचं. काकूंनी शांतपणे सांगितलं, "ह्यात हे पाणी बनवायचे, भंतेजी."

"पाणी? ते बनवता येतं?"

"नाही येत," काका म्हणाले. "मला उशिरा कळलं." भंतेजी हसले आणि आणखी खिचडी घेतली.

काही आठवड्यांनी मास्तरांनी हाक मारली, बाटल्या तयार होत्या. मी, काका, आणि हातात चिवड्याची ताटली घेऊन काकू, अशी वरात त्यांच्या स्वयंपाकघरात गेली. काकू म्हणाल्या, "मी चिवडा द्यायला आले." कोणी काही विचारलं नव्हतं.

मास्तरांनी ग्लासात बिअर ओतली. काळी, वर ताकासारखा फेस. त्यांनी घोट घेतला आणि खिडकीबाहेर बघितलं. काकांनी माझा हात धरला. मास्तरांनी दुसरा घोट घेतला. मग तिसरा. ग्लास अर्धा झाला तरी तो शब्द आला नाही. मग ते काकांकडे वळले आणि म्हणाले, "व्हॉट डिड यू डू टू द वॉटर?"

हा प्रश्न कोणी विचारावा म्हणून काका वर्षानुवर्षं थांबले होते. मला वाटलं, आता तासाची निश्चिंती, जिप्सम, सोडा, पट्ट्या, सगळं येणार. काका एवढंच म्हणाले, "इट्स फ्रॉम अ वेल."

"यू गाइज हॅव अ वेल?" मास्तर चकित झाले.

काकूंनी चिवड्याची ताटली टेबलावर ठेवली, पदर सारखा केला आणि शाळेतल्या खणखणीत आवाजात सांगितलं, "येस. वी ऑल्वेज हॅड अवर ओन."